निकालानंतरचे अठरा महिने

"काय गं, ब्लू कार्ड मिळालं का?" गड्ड्याच्या यात्रेला घरी, सोलापूरला, आल्यापासून हा प्रश्न इतक्यांदा ऐकलाय की आता समोरच्यानं तोंड उघडायच्या आतच मी 'नाही' म्हणून मोकळी होते. जर्मनीत नोकरी आहे, राहायचा परवाना आहे, पण ब्लू कार्ड, म्हणजे ठरावीक आकड्याच्या वर पगार असलेल्या परदेशी पदवीधरांना मिळणारा परवाना, तो नाही. हे ऐकलं की काकूंच्या चेहऱ्यावर 'अरेरे' येतं आणि विषय थेट माझ्या लग्नावर जातो. प्रत्येकाला उभ्याउभ्या समजावून सांगणं काही जमत नाही, म्हणून एकदा बसून सगळं लिहून काढतेय. ज्यांची मुलं यंदा जर्मनीचे फॉर्म भरतायत त्यांनी तर वाचाच. जायचं कसं हे आता सोलापुरात कुणीही सांगतं. शिक्षण संपल्यावर तिथं टिकायचं कसं, हे सांगणारं मला कुणी भेटलं नव्हतं.

पप्पा अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेलच्या कारखान्यात मास्तर आहेत. घरात लहानपणापासून बोलणं बीमचं (मागावरचा, उभं सूत गुंडाळलेला रूळ), सुताच्या भावाचं आणि लाइट कधी जाणार याचं. मी इचलकरंजीला टेक्सटाइलमध्ये बी.टेक. केलं आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये मास्टर्ससाठी जर्मनीला गेले. सरकारी विद्यापीठ, त्यामुळं शिकवणीची फी नाही. सहामाहीला तीनशे युरोंच्या आसपास वर्गणी, त्यातच बस-रेल्वेचा पास. खरा खर्च ब्लॉक्ड अकाउंटचा. तेव्हा १०,३३२ युरो आधीच जर्मन खात्यात भरून ठेवावे लागायचे, त्यातले महिन्याला ८६१ आपल्याला सुटायचे. युरो ऐंशी रुपयांच्या आसपास होता. विमान, विमा, पहिल्या महिन्याचं भाडं धरून आकडा साडेसात लाखांच्या बराच वर गेला, आणि त्याच्या वर शैक्षणिक कर्ज गेलं की बँक तारण मागते. घर तारण ठेवलं. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचा प्रत्येक निर्णय मी त्या कर्जाकडं बघत घेतलाय.

शहराचं नाव सांगत नाही, कारण तिथल्या एका कचेरीबद्दल पुढं मी फारसं गोड बोलणार नाही. नॉर्थ ऱ्हाईन-वेस्टफालिया राज्यातलं जुनं कापडाचं गाव, एवढं पुरे. बंद पडलेल्या गिरण्या, विटांची धुराडी, एखाद्या गिरणीच्या जागी आता दुकानं. जुनी मिल, लक्ष्मी-विष्णू, नरसिंग गिरजी ही नावं ऐकत वाढलेल्या पोरीला तिथं परकं वाटायचं काही कारण नव्हतं.

आता मुद्द्याचं. जर्मन विद्यापीठातून पदवी घेतली की तिथल्या परदेशी नागरिकांच्या कायद्याचं कलम २० लागू होतं. नोकरी शोधायला जास्तीत जास्त अठरा महिने राहायची परवानगी. अर्ज करताना नोकरी हातात असावी लागत नाही, पगाराची अट नाही, आणि त्या काळात कुठलंही काम करता येतं, बेकरीत पाव विकण्यापासून इंजिनिअरच्या खुर्चीपर्यंत. विद्यार्थी असताना असलेली वर्षाला १४० पूर्ण किंवा २८० अर्ध्या दिवसांची मर्यादाही उठते. शुल्क शंभर युरोंच्या आसपास. जुळे सोलापुरातली माझी एक मैत्रीण ब्रिटनमध्ये शिकली, तिच्याकडून तिथलं कळलं. तिथला ग्रॅज्युएट व्हिसा आत्तापर्यंत दोन वर्षांचा आहे, पण १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्यांना, पीएच.डी.वाले सोडले तर, तोही अठराच महिन्यांचा मिळणार. वर आरोग्य अधिभार म्हणून वर्षाला १,०३५ पौंड आगाऊ मोजायचे, व्हिसाची फी वेगळी. तेव्हा जर्मनी स्वस्त आहे हे खरं. मात्र हा परवाना वाढवून मिळत नाही. अठरा म्हणजे अठरा.

तयारीची सुरुवात मी पासपोर्टपासून केली. तिथल्या एका सीनिअर मुलीनं आधीच बजावलं होतं: परवाना पासपोर्टच्या मुदतीपलीकडं देत नाहीत. माझा पासपोर्ट २०२६ च्या मध्यावर संपणार होता. तसाच अर्ज केला असता तर अठराचे पंधरा झाले असते. म्हणून प्रबंध लिहायचा चालू असतानाच फ्रांकफुर्टच्या आपल्या वाणिज्य दूतावासामार्फत नवा पासपोर्ट करून घेतला. तो हातात पडल्यानंतर पडताळणीसाठी हवालदार थेट सोलापुरातल्या घरी. पप्पा कारखान्यात, आई एकटी. तिनं घाबरून मला व्हिडिओ कॉल लावला आणि फोन त्यांच्या हातात दिला. हवालदारसाहेबांनी माझा चेहरा बघितला, "काय शिकता?" विचारलं, टेक्सटाइल म्हटल्यावर "मग त्याला जर्मनीला कशाला जायचं, सोलापुरात काय कमी आहे?" म्हणाले, आणि चहा घेऊन गेले. गल्लीत मात्र दोन दिवस वेगळीच चर्चा.

प्रबंधाचं सादरीकरण फेब्रुवारी २०२५ मध्ये झालं. विद्यार्थी परवाना ३१ मार्चला संपत होता. मध्ये दीड-पावणेदोन महिने, भरपूर वाटतात. पण पदवीचं प्रमाणपत्र छापून यायला विद्यापीठ आपला वेळ घेतं. परीक्षा विभागाकडून 'सर्व परीक्षा उत्तीर्ण' असं एक तात्पुरतं पत्र मिळतं, तेवढ्यावर अर्ज चालतो; ते मी पहिल्याच आठवड्यात मागून घेतलं. आमच्या कचेरीनं अठरा महिने मोजले ते निकालाच्या तारखेपासून, कार्ड मिळाल्यापासून नव्हे. म्हणजे कागद जितके उशिरा, तितके महिने आपल्याच खात्यातून वजा.

निकाल लागला की विद्यार्थीपण किती भराभर उतरवून घेतात, हे मला आधी कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. विद्यापीठाच्या पटावरून नाव निघालं, की प्रवासाचा पास गेला. प्रयोगशाळेतली अर्धवेळ नोकरी विद्यार्थ्यांसाठीची, तीही गेली. आरोग्य विम्याचा विद्यार्थी-दर संपला आणि स्वतःहून भरायचा हप्ता जवळपास दुप्पट, अडीचशे युरोंच्या पुढंमागं झाला. विमा नसेल तर परवान्याचा अर्जच पुढं सरकत नाही, त्यामुळं तिथं काटकसर नाही. मिळकत बंद आणि खर्च वाढलेला, अशा वेळी कचेरी विचारते: तुमचा उदरनिर्वाह कसा चालणार, ते दाखवा. महिन्याला साधारण हजार युरोंची सोय कागदावर दिसली पाहिजे.

माझ्याकडं प्रयोगशाळेच्या पगारातून साठवलेले थोडे होते. उरलेले सोलापुरातून आले. आईची भिशी नेमकी त्या महिन्यात लागली. आमच्या गल्लीतल्या बायकांची, वर्षानुवर्षं चाललेली भिशी. लागली म्हणजे तिनं सगळ्यांच्या हातापाया पडून आपला नंबर पुढं घेतला, हे मला नंतर कळलं. पप्पांनी कारखानदाराकडून उचल घेतली. बँकेत पैसे पाठवायला गेले तर काउंटरवरच्या साहेबांनी विचारलं, "शिक्षण संपलं ना? मग आता पैसे कशाला? हप्ता सुरू करायचा की." कर्जाच्या नियमाप्रमाणं कोर्स संपल्यावर एक वर्ष सवलत असते, हे पप्पांना पाठ होतं. त्यांनी मंजुरीचं पत्रच पुढं सरकवलं. म्हणजे जर्मन सरकार मला अठरा महिने देत होतं, पण बँकेचे होते बाराच. तिकडं मुदत संपायची वाट बघत निवांत बसणाऱ्यांनी हा हिशेब आधी करावा.

मग ती कचेरी. आउसलेंडरबेहोर्डे तिचं नाव, आम्ही आपली पोरं नुसतं 'आउसलेंडर' म्हणायचो. भेटीची वेळ, म्हणजे टर्मिन, ऑनलाइन घ्यायचा. संकेतस्थळ उघडलं की 'सध्या एकही वेळ उपलब्ध नाही'. कुणी म्हणे पहाटे उघडतात, कुणी म्हणे सोमवारी. मी पहाटे उठून बघितलं, रात्री जागून बघितलं. ईमेलला आपोआप येणारं उत्तर यायचं: आपला मेल मिळाला, कृपया पुन्हा पाठवू नये. ज्या देशात रेल्वे पाच मिनिटं उशिरा आली तर लोक घड्याळ बघून उसासे टाकतात, तिथं ही कचेरी आठवडेच्या आठवडे गप्प बसते. आपल्याकडं निदान शिपायाला 'साहेब कधी येणार' एवढं विचारता येतं. तिथं दारावर सुरक्षारक्षक, आणि टर्मिन नसेल तर आत पाऊल नाही.

या सगळ्यात एकच गोष्ट पक्की धरायची असते: जुना परवाना संपायच्या आत अर्ज त्यांच्याकडं पोचला पाहिजे, आणि पोचल्याचा पुरावा आपल्याकडं राहिला पाहिजे. टर्मिन नंतर मिळाला तरी चालतो. मी फॉर्म, पासपोर्टची प्रत, फोटो, परीक्षा विभागाचं पत्र, विम्याचं पत्र, बँकेचा उतारा आणि घरभाड्याचा करार असा सगळा गठ्ठा ईमेलनं पाठवला आणि तोच रजिस्टर पोस्टानं. पोस्टाची पावती आजही फाइलमध्ये आहे. वेळेत अर्ज केला असेल तर जुना परवाना, निर्णय होईपर्यंत, जुन्याच अटींवर चालू आहे असं कायदा मानतो. तसं लिहिलेला एक कागद मिळतो, त्याला आम्ही 'फिक्शन सर्टिफिकेट' म्हणतो.

तो कागद यायला बराच वेळ गेला. मधल्या काळात माझ्याकडं मुदत संपलेलं कार्ड आणि पोस्टाची पावती, एवढंच. कायद्यानं मी व्यवस्थित होते, पण दाखवायला काही नव्हतं. मावसबहिणीचं लग्न त्याच उन्हाळ्यात अक्कलकोटला झालं. विमानतळावर परतताना कुणी अडवलं तर काय, या भीतीनं मी गेले नाही. अक्षता व्हिडिओ कॉलवर टाकल्या, त्यातही नेमकं नेट गेलं.

पैशासाठी एका बेकरीच्या दुकानात कामाला लागले. मालकीणबाईंनी फिक्शनचा कागद उलटसुलट करून पाहिला. त्यावर जुन्याच, विद्यार्थ्याच्या अटी. "म्हणजे तुम्हाला नेमकं किती तास ठेवता येतं?" असं त्यांनी तीनदा विचारलं आणि शेवटी हिशेबनिसाला फोन करून खात्री केली. त्यांची चूक नाही. परवानगी नसलेल्या माणसाला कामावर ठेवलं तर मालकालाही दंड होतो. पण त्या दिवशी मला कळलं, की मोठ्या कंपन्या माझ्या अर्जाला उत्तर का देत नव्हत्या. नोकरी देणारा आधी बघतो ते गुणपत्रिकेकडं नाही, कागदावरच्या 'काम करण्यास परवानगी' या ओळीकडं. उन्हाळ्याच्या तोंडाला टर्मिन मिळाला, बोटांचे ठसे घेतले, आणि काही आठवड्यांनी कार्ड आलं. सोबतच्या हिरव्या पुरवणीवर ती ओळ होती: काम करण्यास परवानगी, कसलीही मर्यादा नाही.

नोकरी शोधण्याचं फार लांबवत नाही. नकार येतात, बहुतेक वेळा एकाच साच्यातले. एवढं मात्र सांगते, की जर्मनीत कापड उद्योग म्हणजे टॉवेल-चादरी राहिलेला नाही. गाड्यांच्या सीटचं कापड, गाळणीची कापडं, वैद्यकीय जाळ्या, कोटिंग केलेलं जाड कापड, असला माल. 'सोलापूर, टेरी टॉवेल' (टेरी म्हणजे लूप असलेलं कापड) हे मी अर्जात आधी लिहितच नव्हते. प्राध्यापकांनी अर्ज वाचून विचारलं, तुझ्या घरी माग आहेत हे यात कुठं आहे? माग आमचे नाहीत, पप्पा दुसऱ्याकडं नोकरी करतात, हे त्यांना सांगितलं, पण मुद्दा कळला. पुढच्या अर्जात लिहिलं.

ज्या कंपनीनं बोलावलं ती घरगुती, तिसऱ्या पिढीची, माणसं दीडशेच्या आत. मुलाखत जर्मनमध्ये. विभागप्रमुखांनी मला सरळ मागांच्या शेडमध्ये नेलं आणि एक कापड पुढं टाकलं. एका बाजूला लूप उंच, दुसरीकडं बसके. का झालं असेल? टेरीला दोन बीम असतात, एक जमिनीच्या, म्हणजे कापडाच्या सपाट पायाच्या, ताण्याचा (उभ्या सुताचा), एक लूपच्या. लूपच्या ताण्याला ढील द्यायची आणि तीन पिक, म्हणजे आडवे धागे, एकदम ठोकायचे, की लूप उभा राहतो. ती ढील सारखी सुटली नाही तर उंची बिघडते. पप्पा रोज जेवताना हेच बोलतात. मी म्हटलं, मी आधी लूपच्या बीमचं सुटणं बघेन, मग ताण, सुताला दोष सगळ्यात शेवटी. माझ्या जर्मनमध्ये व्याकरणाच्या चुका भरपूर झाल्या असणार. पण शेडमधले मास्तर, पप्पांच्याच वयाचे, मान हलवत होते.

जुलैत पत्र आलं. वर्षाला ४२,००० युरो.

इथून ब्लू कार्डची गोष्ट सुरू होते. २०२५ साली ब्लू कार्डासाठी किमान पगार होता ४८,३०० युरो. पदवी घेऊन तीन वर्षं झाली नसतील, किंवा टंचाई असलेल्या कामात असाल, तर ४३,७५९ युरो ८० सेंट. मला कमी पडत होते १,७६० युरो, महिन्याला दीडशेच्या आत. सोलापुरात फोनवर खलबतं झाली. चुलते म्हणाले, मागून घे वाढवून, एवढ्याशासाठी कार्ड सोडतेस? मी मागितलं. मनुष्यबळ विभागातल्या बाईंनी शांतपणे सांगितलं, नव्या इंजिनिअरला आमच्याकडं हाच पगार. तुम्हाला जास्त दिला तर मागच्या वर्षी आलेल्या मुलाला काय सांगू? मला ते पटलं.

मग मी कायदा नीट वाचला, आणि लक्षात आलं की ब्लू कार्डाचा जो बोलबाला आहे तो मुख्यतः बाहेरून थेट येणाऱ्यांसाठी. जर्मनीत शिकलेल्यांना दुसरी वाट आहे: कलम १८ ब, पदवीधर कुशल कर्मचाऱ्याचा साधा परवाना. त्याला, वय पंचेचाळीसच्या आत असेल तर, पगाराचा ठरावीक आकडा नाही. पगार तशाच कामाच्या जर्मन माणसाइतका हवा. कायमस्वरूपी परवाना ब्लू कार्डावर २१ महिन्यांत मिळतो, बी-१, म्हणजे मध्यम, पातळीचं जर्मन येत असेल तर. आणि जर्मन पदवीवाल्याला १८ ब वर? २४ महिन्यांत. म्हणजे काकूंच्या त्या 'अरेरे'ची किंमत तीन महिने.

दोन्ही सारखेच, असंही नाही. ब्लू कार्डवाल्याला नोकरी बदलणं सोपं जातं, पहिल्या वर्षानंतर तर फारच; माझ्या कार्डावर कंपनीचं नाव आहे, सुरुवातीच्या काळात बदलायची तर कचेरीची परवानगी घ्यावी लागेल. त्या कचेरीची आठवण झाली की मला माझी कंपनी आणखीच आवडायला लागते.

एक गोष्ट मात्र एजंट सोडा, तिथले बरेच विद्यार्थीही सांगत नाहीत. अठरा महिन्यांच्या परवान्यावर कुठलंही काम करता येतं, त्यामुळं मी सप्टेंबरमध्ये लगेच कामावर रुजू झाले, नव्या कार्डाची वाट बघत बसावं लागलं नाही. पण त्या परवान्यावरचे महिने २४ मध्ये धरत नाहीत. मोजणी सुरू होते ती १८ ब किंवा ब्लू कार्ड हातात आल्यापासून. माझ्याबरोबरचा एक मुलगा 'अजून वर्ष शिल्लक आहे, कशाला घाई' म्हणून जुन्याच परवान्यावर काम करतोय. मी रुजू व्हायच्या आधीच परवाना बदलायचा अर्ज टाकला. कंपनीनं कामाचं स्वरूप, तास, पगार आणि रजा लिहिलेला फॉर्म भरून दिला, करार जोडला, पदवीचं प्रमाणपत्र एव्हाना छापून आलं होतं. या खेपेला तीच कचेरी चटकन हलली. नोकरी असलेल्या माणसाशी सगळेच नीट बोलतात, सोलापुरात काय आणि जर्मनीत काय.

पगार महिन्याला साडेतीन हजार म्हटल्यावर इथं लोक लगेच शंभरानं गुणतात आणि साडेतीन लाख म्हणून डोळे मोठे करतात. कर, विमा, पेन्शन कापून हातात तेवीसशेच्या आसपास येतात. त्यातून घरभाडं, वीज, खाणं. कर्जाचा हप्ता मी बँकेची सवलत संपायची वाट न बघताच सुरू केलाय, कारण व्याज काही सवलतीत थांबत नव्हतं. आईच्या भिशीचे पैसे फेडायचे म्हटलं तर ती म्हणते, पुढच्या वेळी मला शेवटचा नंबर लागलाय, तेव्हा बघू.

यंदा, म्हणजे २०२६ साठी, ब्लू कार्डाचे आकडे पुन्हा वाढलेत: ५०,७०० आणि नव्या पदवीधरांसाठी ४५,९३४ युरो २० सेंट. दरवर्षी वाढतात. त्यामुळं चार वर्षांपूर्वी कुणाच्या भाच्याला किती पगारावर मिळालं, हे विचारून उपयोग नाही.

माझ्या चुलतभावाला यंदाच्या ऑक्टोबरला जायचंय. त्यानं एपीएस नावाच्या कागदपडताळणीसाठी अठरा हजार रुपये बाजूला काढून ठेवलेत. मी गेले त्यानंतर दुसऱ्याच महिन्यात ती सक्तीची झाली. कोर्स इंग्रजीत आहे, मग जर्मन कशाला, असा त्याचा सवाल. त्याला शेडमधल्या त्या कापडाची गोष्ट सांगितली. अख्खी मुलाखत जर्मनमध्ये झाली, हे ऐकल्यावर त्याचा चेहरा उतरला. संध्याकाळी सात रस्त्याजवळच्या क्लासची फी विचारून आलाय. बी-१ पर्यंत किती महिने लागतील ते विचारायचं राहिलं म्हणून उद्या परत जाणार आहे.